हृदयाच्या ठोक्यांच्या गोळ्या घरात असतील तर त्या ओळखायच्या कशा नि सांभाळायच्या कशा

पहिलं काम म्हणजे पेशंटच्या सगळ्या गोळ्या एकदा टेबलावर काढा. सगळ्या म्हणजे खरंच सगळ्या, फ्रिजवरच्या डब्यातल्या, पर्समधल्या, उशाखालच्या, आयुर्वेदिक काढा, गुडघेदुखीवर शेजारच्या काकूंनी दिलेली स्ट्रिप, सगळं. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे कुठली गोळी किती घ्यायची ते मी सांगणार नाही नि तुम्हीही ते नेटवर वाचून ठरवू नका. पण मेडिकलच्या काउंटरमागे बसून एक गोष्ट सारखी दिसते, ठोक्यांच्या औषधांत घोळ होतो तो बऱ्याचदा त्या गोळीने एकटीने केलेला नसतो, तिच्या जोडीला नकळत दुसरं काहीतरी पोटात गेलेलं असतं, नाहीतर "आता बरं वाटतंय" म्हणून कोणीतरी मनानेच बंद केलेली असते.

टेबलावर काढल्या ना, आता ब्रँडचं मोठं नाव सोडा, त्याच्या खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं ते वाचा. चष्मा लावा, नाहीतर मोबाईलने फोटो काढून मोठा करून बघा. तेच नाव दोन स्ट्रिपवर दिसतंय का? हे फार कॉमन आहे. हॉस्पिटलमधून डिस्चार्ज मिळताना मेटोप्रोलॉल, ठोक्यांचा वेग कमी करणारं औषध, एका कंपनीचं लिहून दिलं, घरी आधीचं दुसऱ्या कंपनीचं पडलेलंच होतं, आजोबा दोन्ही घेतायत आणि मग चक्कर येते, पल्स ४५. शिवाय बीपीच्या कॉम्बिनेशन गोळीतसुद्धा मेटोप्रोलॉल लपलेलं असतं, टेल्मिसार्टनबरोबर किंवा अम्लोडिपिनबरोबर. ब्रँडच्या नावावरून ते कळत नाही.

आता कुठली गोळी कशासाठी ते. आपल्याकडे ठोक्यांचा जो त्रास सगळ्यात जास्त ऐकू येतो तो एएफ, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरत राहतात, खालचे ठोके मग कसेही येतात, कधी भरभर कधी थांबून. ह्यात दोन वेगळ्या भानगडी असतात. एक म्हणजे धडधड, दम लागणं, थकवा. दुसरी म्हणजे वरच्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पॅरालिसिस. एएफमध्ये स्ट्रोकचा धोका साधारण पाच पटीने वाढतो. म्हणून ठोक्यांची गोळी वेगळी आणि रक्त पातळ करायची गोळी वेगळी, आणि धडधड थांबली म्हणून दुसरी बंद करायची नसते. तुम्हाला बरं वाटणं नि गुठळी न होणं ह्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाहीये. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कारण गोळी बंद करायचा सल्ला घरातलेच देतात.

वेग कमी करणाऱ्या गोळ्या

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल ही बीटा ब्लॉकर मंडळी, म्हणजे नावाच्या शेवटी "लॉल" दिसलं की ओळखायचं. ह्या ठोके सरळ करत नाहीत, वेग आटोक्यात ठेवतात. अंग गळल्यासारखं वाटतं, हात गार पडतात, सुरुवातीला होतं असं, डॉक्टरांना सांगा पण एकदम बंद करू नका, अचानक थांबवल्या की ठोके नि बीपी उसळी मारतात, ज्यांना अँजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखायचा त्रास आहे त्यांना तर अ‍ॅटॅकपर्यंत जाऊ शकतं. दमा असेल तर आधीच सांगा. शुगरवाल्यांनी एक लक्षात ठेवा, शुगर खाली गेली की जी छातीत धडधड होते ती ह्या गोळीमुळे जाणवत नाही, घाम मात्र येतो, तेव्हा कारण नसताना घाम फुटला की आधी शुगर तपासायची. स्ट्रिपवर एक्सएल किंवा ईआर लिहिलंय ती गोळी हळूहळू विरघळणारी असते, कुटून किंवा चावून द्यायची नाही. अर्धी करायची असेल तर मधे रेघ आहे का बघा आणि मेडिकलवाल्याला विचारा.

डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल हे दुसरं कुटुंब. काम तेच, वेग कमी करायचं. व्हेरापामिलने पोट साफ होत नाही, डिल्टियाझेमने पायावर सूज येऊ शकते. हृदयाचं पंपिंग कमी असेल तर ह्या दोघी चालत नाहीत, म्हणून टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट फाईलमध्ये पुढेच लावा. आणि "लॉल"वाली गोळी नि ही एकत्र दिसली, त्यातून दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली असली, तर त्याच दिवशी फोन करून विचारा. काही वेळा मुद्दाम देतात, पण दोघी मिळून ठोके फारच मंद करू शकतात.

तिसरी डिगॉक्सिन, फार जुनी. १७८५ मध्ये इंग्लंडच्या विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने फॉक्सग्लोव्ह ह्या झाडाच्या पानांवर सविस्तर लिहिलं, तिथून ही आलीय. गोळी बारकीशी, डोस मायक्रोग्रॅममध्ये, आणि उपयोगी डोस नि विषारी डोस ह्यांच्यात अंतर फार थोडं. आपल्याकडे बरेच डॉक्टर आठवड्यातून पाच दिवस देतात, शनिवार-रविवार सुट्टी, तसं चिठ्ठीवर असेल तर कॅलेंडरवर खूण करा, आठवणीवर सोडू नका. भूक मेली, मळमळतंय, सगळं पिवळट-हिरवट दिसतंय, म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलंय, ह्यातलं काहीही झालं तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन. किडनी कमजोर असेल किंवा रक्तातलं पोटॅशियम उतरलं असेल तर हे लवकर होतं. पोटॅशियम कशाने उतरतं? लघवीच्या गोळीने, जुलाब-उलट्यांनी, आणि ऐकून नवल वाटेल पण खोकल्यावर रोज ज्येष्ठमधाचा काढा चालू असेल तर त्यानेही. डिगॉक्सिनची लेव्हल तपासायला सांगितली तर रक्त गोळी घेतल्यावर निदान सहा तासांनी द्यायचं, नाहीतर आकडा उगाच जास्त दिसतो, लॅबवाला हे विचारेलच असं नाही.

ताल धरून ठेवणाऱ्या गोळ्या

ह्यात मुख्य अमिओडॅरोन. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात बेल्जियममध्ये हे छातीत दुखण्यावरचं औषध म्हणून निघालं, ठोक्यांवर ते कसं काम करतं ते १९७० मध्ये ऑक्सफर्डला तपासणाऱ्या दोघांपैकी एक होते फिजीत जन्मलेले ब्रह्मा सिंग, दुसरे व्हॉन विल्यम्स, ज्यांच्या नावाने ह्या औषधांचे चार वर्ग आजही शिकवतात. असो. औषध जबरदस्त आहे पण ह्याचे हिशोब लांबचे असतात. वजनाने जवळपास ३७ टक्के आयोडीन, म्हणजे २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम, त्यामुळे थायरॉइड वर किंवा खाली कुठेही जाऊ शकतो. सुरुवातीला दिवसाला जास्त गोळ्या देऊन मग कमी करत आणतात, हा उतरता क्रम चिठ्ठीवर गिचमिड अक्षरात असतो नि लोक पहिल्या आठवड्याचाच डोस महिनोन्महिने घेत बसतात. तेव्हा दुकानातून निघायच्या आधी कुठल्या तारखेपासून किती ते लिहून मागा.

अमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉइडची टीएसएच आणि लिव्हरची तपासणी सुरू करण्याआधी नि मग साधारण दर सहा महिन्यांनी, छातीचा एक्स-रे नि ईसीजी डॉक्टर सांगतील तसे. नवीन कोरडा खोकला, दम वाढलाय, ह्याला हवामान बदललं म्हणून सोडून देऊ नका, फुप्फुसावर परिणाम होऊ शकतो. दिव्याभोवती वलय दिसलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. कातडी उन्हाने पटकन भाजते, शेतावर जाणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट नि टोपी घालायचीच. ग्रेपफ्रूट नि त्याच्याच गोतातलं आपलं पपनस, दोन्ही टाळा. आणि ही गोळी बंद केली तरी शरीरातून जायला आठवडे, कधी कधी महिने लागतात, म्हणून पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी "मधे अमिओडॅरोन चालू होतं" हे सांगायचं.

सोटालॉलचं नाव "लॉल"ने संपतं म्हणून ती साधी बीटा ब्लॉकर समजू नका, ती ताल धरणारीही आहे, किडनी बघून नि ईसीजीवर लक्ष ठेवून सुरू करतात. फ्लेकेनाइड नि प्रोपाफेनोन ही धडधाकट हृदयासाठी. १९८९ मध्ये कास्ट नावाच्या अमेरिकन अभ्यासात असं दिसलं की हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेल्यांचे जादाचे ठोके फ्लेकेनाइडने कमी झाले खरे पण मरणारी माणसं वाढली. म्हणून ईसीजीत दोन-चार जादाचे ठोके दिसले आणि डॉक्टर "काही औषध नको" म्हणाले तर ते दुर्लक्ष करतायत असं नाही. लोक इथेच दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन गोळी मागून आणतात, मला ते अजिबात पटत नाही.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

इथे जरा जास्त वेळ घालवू, कारण सगळ्यात जास्त प्रश्न ह्याचेच येतात. जुन्या दोन, असिनोकुमॅरॉल नि वॉरफरिन. नव्या तीन मुख्य, डॅबिगॅट्रान, रिव्हारोक्सबॅन, अपिक्सबॅन. नव्यांना दर महिन्याची आयएनआर तपासणी, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारी, लागत नाही, मग सगळ्यांनाच नवी का देत नाहीत? कारण आपल्याकडे लहानपणीच्या संधिवाती तापाने व्हॉल्व्ह आकसलेले पेशंट अजून भरपूर आहेत. अशा लोकांवर झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात, २०२२ साली, रिव्हारोक्सबॅनपेक्षा जुनी गोळीच सरस ठरली. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेला असेल तरी जुनीच. तेव्हा पुण्याच्या आत्येभावाला नवी दिली नि मला का नाही म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. आणि "अ‍ॅस्पिरिन घेतोय ना, मग झालं" असंही नाही, एएफच्या गुठळीला अ‍ॅस्पिरिन पुरत नाही.

जुनी गोळी चालू असेल तर आयएनआर एएफमध्ये सहसा २ ते ३ च्या मधे ठेवतात, धातूच्या व्हॉल्व्हला कधी त्याहून जास्त, तुमचा आकडा डॉक्टरांकडून वहीवर लिहून घ्या. असिनोकुमॅरॉल १, २, ३, ४ मिलिग्रॅममध्ये मिळते नि डोस एक दिवस दोन, एक दिवस तीन असाही असतो, म्हणून दोन ताकदीच्या स्ट्रिप एका डब्यात टाकू नका. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी घ्या, म्हणजे सकाळी आयएनआर आल्यावर त्याच दिवशीचा डोस बदलता येतो. राहिली तर त्याच दिवशी आठवल्यास घ्या, दुसऱ्या दिवशी आठवली तर डबल घ्यायची नाही, वहीत टीप लिहायची.

पालेभाज्या बंद करा असं कोणीतरी हमखास सांगतं. बंद नको. पालक, मेथी, अळू, शेवग्याचा पाला, कोथिंबीर ह्यांत व्हिटॅमिन के असतं, ते ह्या गोळीच्या उलट काम करतं, पण त्रास होतो तो खाण्याने नाही, अचानक बदलण्याने. एरवी भाजीला हात न लावणाऱ्याने श्रावणात रोज अळूचं फदफदं खाल्लं की आयएनआर खाली येणारच, आणि आजारपणात जेवण तुटलं की वर जाणार. आठवड्याला साधारण सारखं प्रमाण ठेवा, बास.

नव्या गोळ्यांचे नियम वेगळे. रिव्हारोक्सबॅन १५ नि २० मिलिग्रॅमची जेवणासोबतच, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही, एकादशीला फराळाबरोबर घ्या पण निर्जळी करणार असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल उघडायची नाही, भरपूर पाण्याबरोबर बसून गिळायची आणि आठवड्याच्या प्लास्टिक डबीत भरून ठेवायची नाही, दमट हवेने ती खराब होते, स्ट्रिपमधून घेतेवेळीच काढा. अपिक्सबॅन दिवसातून दोनदा, रात्रीची विसरते लोकांची, मोबाईलला अलार्म लावा. नव्या गोळ्यांचा असर लवकर उतरतो म्हणून एक-दोन दिवस चुकवणंही परवडत नाही, स्ट्रिप संपायच्या चार दिवस आधी दुकानात या, रविवारी रात्री नको. किडनीची क्रिएटिनिन तपासणी वर्षातून एकदा तरी, वय जास्त असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर लवकर लवकर.

तरुण मुलींसाठी वेगळं सांगतो, व्हॉल्व्हसाठी वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉल चालू असेल आणि बाळाचा विचार असेल तर दिवस राहण्याच्या आधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोला. पहिल्या महिन्यांत बाळाला अपाय होऊ शकतो, पण गोळी आपणहून थांबवली तर व्हॉल्व्हच अडकू शकतो.

ह्यांच्यासोबत काय काय भांडतं

मुख्य मुद्दा हा. मेडिकलमध्ये येऊन अंगदुखीची गोळी मागाल तेव्हा पहिलं वाक्य "माझी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे" हे असायला पाहिजे. डायक्लोफेनॅक, ब्रुफेन आणि ज्या दोन-तीन औषधांच्या मिक्स गोळ्यांत हे असतं त्या सगळ्या नकोत, पोटातून रक्तस्राव होऊ शकतो. तापाला, दुखण्याला साधी पॅरासिटामॉल, तीही मर्यादेत, रोज बरेच दिवस लागत असेल तर आयएनआर बघावा लागतो. ताप आला की कमरेत सुई मारून घ्यायची सवय असेल तर ती सोडा, स्नायूत रक्त साकळतं, डॉक्टरांना आधी सांगा.

अँटिबायोटिकचं तसंच. मेट्रोनिडाझोल, जुलाबावर लोक मनानेच घेतात ती, वॉरफरिन नि असिनोकुमॅरॉलचा परिणाम वाढवते. नायट्यावरची फ्लुकोनाझोल तसंच करते. उलट टीबीचं रिफाम्पिसिन सुरू झालं की रक्त पातळ करायच्या गोळ्यांचा असर कमी होतो, जुन्यांचाही नि नव्यांचाही, म्हणून टीबीच्या डॉक्टरांना नि हृदयाच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. अमिओडॅरोन नव्याने सुरू झालं असेल तर वॉरफरिन किंवा असिनोकुमॅरॉलचा आणि डिगॉक्सिनचाही डोस बहुतेक कमी करावा लागतो, कुणी विषय काढला नाही तर तुम्ही काढा.

आणि ती सकाळची अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल! घराघरात चहाच्या आधी घेतात, पॅन-डी वगैरे. त्यातला "डी" म्हणजे डोम्पेरिडोन, तो ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर लांबवू शकतो, अमिओडॅरोन नि सोटालॉलही तेच करतात, दोन्ही मिळून अचानक जीवघेणे ठोके सुरू होण्याची शक्यता असते. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्येच डोम्पेरिडोनवर बंधनं घातली, आपल्याकडे अजून फुटाण्यासारखी खपते. अ‍ॅझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन, उलटीवरची ऑनडान्सेट्रॉन हीसुद्धा त्याच यादीत. डॉक्टर ईसीजी बघून देतील तर ठीक, घरातल्या डब्यातून काढून नको. सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असतं, त्यानेही बीपी नि ठोके बिघडतात. दम्याचा पंप किंवा दम्यावरच्या डेरिफायलिनने धडधड वाढू शकते, बंद करू नका, पण सांगा.

पल्स मोजायची नि अचानक धडधड झाली तर

अनियमित ठोक्यांना पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं चालत नाही, पूर्ण एक मिनिट मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून, पाच मिनिटं शांत बसल्यावर. डिजिटल बीपी मशीन एएफमध्ये गंडतं, तीन वेळा घेऊन सरासरी काढा. तारीख, पल्स, बीपी, आयएनआर एकाच वहीत. डिगॉक्सिन किंवा "लॉल"वाली चालू असताना पल्स ६० च्या खाली दिसली तर गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

एसव्हीटी म्हणजे बटण दाबल्यासारखी एकदम सुरू होणारी नि एकदम थांबणारी, एका लयीतली फास्ट धडधड, १५०-२०० पर्यंत. ज्यांना डॉक्टरांनी हे निदान सांगितलंय नि घरी करायला परवानगी दिलीय त्यांनी असं करायचं: अर्धवट बसून रिकाम्या १० मिलीच्या सिरिंजमध्ये, सुई नसलेल्या, दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि दुसऱ्याने पाय ४५ अंशात १५ सेकंद वर धरायचे. २०१५ च्या ब्रिटनमधल्या रिव्हर्ट अभ्यासात ह्या पद्धतीने ४३ टक्के लोकांचे ठोके जागेवर आले, नुसतं बसून फुंकणाऱ्यांत १७ टक्के. नाही थांबलं तर हॉस्पिटल. तिथे अ‍ॅडिनोसिन शिरेतून देतात, काही सेकंद छाती दाबल्यासारखं, आता संपलं असं वाटतं, ते लगेच जातं, घाबरू नका. दमा असेल, थोडा वेळ आधी चहा-कॉफी झाली असेल किंवा डेरिफायलिन चालू असेल तर आधी सांगा, चहा नि डेरिफायलिनने त्या इंजेक्शनचा जोर कमी पडतो.

बेशुद्ध पडणं, छातीत दुखणं, बसल्या जागी दम लागणं, डांबरासारखी काळी शी, लघवीत रक्त ह्याला थांबायचं नाही. रक्त पातळ करायची गोळी घेणारा माणूस डोक्यावर पडला, बाहेरून टेंगूळसुद्धा नसलं तरी हॉस्पिटलमध्ये दाखवा. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय तर १०८ ला फोन किंवा मिळेल त्या गाडीने, पण सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलमध्येच. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते द्यायचं की नाही हे ठरवताना डॉक्टर पहिलं विचारतात कुठली गोळी नि शेवटची कधी घेतली. म्हणून निघताना ती स्ट्रिप खिशात टाका आणि शेवटच्या गोळीची वेळ तिच्यावरच पेनाने लिहा.